ग्रहणाला लावायचं विशेषण

शेषराव मास्तरांच्या दारावर पाटी लागली आणि घरी माणसांची रीघ सुरू झाली. पण मास्तरांना हवा होता तसा एकही माणूस त्या रिघेत नव्हता.

अमरावतीत खोलापुरी गेटाच्या आत, माळ्यांच्या वस्तीत त्यांचं घर होतं. बापाने शेवंती-झेंडू पिकवून पोराला शिकवलं आणि पोरगा शाळेत मास्तर झाला. वैशाखात शेंडेनक्षत्र, म्हणजे धूमकेतू, दिसलं त्या वर्षी सगळं गाव घाबरून अंगाऱ्या-धुपाऱ्याला लागलं, आणि मास्तर मात्र ओट्यावर बसून आभाळाकडे टक लावून पाहत राहिले. ते वेड पुढे सुटलंच नाही. बडनेऱ्याचा एक गोरा रेल्वे इंजिनीअर विलायतेला परत निघाला तेव्हा त्याचं सामान लिलावात निघालं. त्यातली तीन पायांची पितळी दुर्बीण मास्तरांनी घेतली. गोदाबाईच्या पाटल्यांसाठी बाजूला ठेवलेलं होतं ते त्यात गेलं.

गोदाबाई चार दिवस नवऱ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी दिवेलागणीनंतर मास्तरांनी तिला अंगणात बोलावलं आणि नळीला डोळा लावायला सांगितलं. तिला आधी काहीच दिसेना. मग एकदम एक इवलासा पिवळा गोळा समोर आला, त्याच्या कमरेभोवती कडं. हा शनी, मास्तर म्हणाले. जन्मभर ज्या शनीला तिने तेल वाहिलं, साडेसातीच्या नावाने जो तिच्या माहेरच्यांना कापरं भरवायचा, तो हा एवढासा, दागिना घालून बसलेला. तिला हसूच आलं. याले कायले भ्यायचं, असं ती म्हणाली आणि मास्तर इतके खूश झाले की जणू कोणी त्यांना इनामच दिलं. त्या दिवसापासून पाटल्यांचं नाव तिने काढलं नाही. रोज संध्याकाळी नळीवरचं फडकं काढायचं काम तिचं झालं.

मास्तरांना वाटायचं, आपण पाहतो ते गावानेही पाहावं. म्हणून पाटीची कल्पना. पाट्या रंगवणारा नबी शेजारीच राहायचा. मास्तरांनी त्याला मजकूर दिला, ‘खगोलीय अभ्यासगृह’. खगोल हा शब्द पुस्तकात होता, त्याला शेपूट जोडून मास्तरांनी विशेषण केलं होतं. भूगोल जमिनीचा, खगोल आभाळाचा. आणि आभाळाच्या अभ्यासाचं जे जे असेल ते खगोलीय. नबीने ब्रश खाली ठेवून विचारलं, हे कोणाला समजणार? मास्तर म्हणाले, न समजलं तर विचारतील, आणि विचारलं की सांगता येईल.

लोकांनी विचारलं ते असं. भाजीबाजारातला एक म्हातारा पोट धरून आला आणि खगोली गोळ्या मागू लागला. दोघं-तिघं पोरांच्या भूगोलाच्या शिकवणीसाठी आले. कोणाला वाटलं की इथे गोल रिंगण करून कसरत शिकवतात. मास्तर पहिल्यांदा हसले, मग रडवेले झाले. शेवटी नबीच म्हणाला, “मास्तर, लोकाइले समजन असं लिवा. ज्योतिष लिवा. आमच्यात बी याचे दोन लफ्ज हायेत, इल्मवाल्याचा वेगळा अन् नजूमीचा, भविष्य सांगनाऱ्याचा, वेगळा. पण बाजारात एकच चालते.”

शाळेच्या पुस्तकांतही जुन्या लोकांनी ज्योतिष हाच शब्द वापरला होता. ज्योतींचा अभ्यास तो ज्योतिष, अर्थ काही वाईट नव्हता. मास्तरांनी मान हलवली. नवी पाटी लागली, ‘ज्योतिषविषयक अभ्यासगृह’, आणि दुसऱ्या सकाळी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती.

हरवलेला बैल कोणत्या दिशेला गेला, पोरीचं लग्न कधी जमेल, कोर्टातला निकाल कसा लागेल. मास्तर एकेकाला बसवून, गूळपाणी देऊन समजावायचे की ज्योतिष म्हणजे तारे कुठे आहेत, किती दूर आहेत, कसे फिरतात याचा हिशोब. त्यात तुमचा बैल नाही. लोक शांतपणे ऐकून घ्यायचे, आणि जाताना गोदाबाईला हळूच विचारायचे की मास्तरांना राग कशाचा आला, दक्षिणा आधी ठेवायची असते का. महिनाभरात मास्तरांनी पाटी उतरवली. नबीकडून पुन्हा ‘खगोलीय’ रंगवून घेतलं. पण एकदा लोकांच्या तोंडात बसलेलं नाव पाटी बदलल्याने थोडंच बदलतं.

मग त्यांनी बाहेरच्यांचा नाद सोडला आणि घरातल्या दोघींना शिकवू लागले. गोदाबाईला त्यांनीच अक्षरओळख करून दिली होती. मुलगी शालू तर बापाच्या मांडीवरच ग्रहांची नावं शिकली. ती नऊ-दहा वर्षांची असताना जेवताना बापलेकींचा एक खेळ चालायचा.

“खगोलीय भाकर?” शालू विचारायची.

“नाई.”

“खगोलीय मांजर?”

“नाई. ग्रहणाले लाव, धूमकेतूले लाव, अंतराले लाव. जे आभाळात घडते अन् मोजता येते त्याले लाव. मानसाच्या नशिबाले नाई लावाचं.”

शालू हसून पुन्हा विचारायची, खगोलीय वांगं? गोदाबाई दोघांच्या ताटात वाढत राहायची. पुढे तिला वाटायचं की सुख म्हणून जे काही तिच्या वाट्याला आलं ते एवढंच होतं, आणि ते चालू असताना तिचं लक्ष भाकर करपते की काय याच्याकडे होतं.

तिकडे विलायतेत लढाई चालू होऊन चौथं वर्ष लागलं होतं. नबीचा पोरगा हुसेन मजूर पलटणीत भरती होऊन बसऱ्याला गेला होता. ज्येष्ठ नुकताच लागला होता, अंधाऱ्या रात्री, पावसाचा पत्ता नव्हता. जेवणं झाल्यावर मास्तर अंगणात गेले आणि गरुडाच्या नक्षत्राजवळ त्यांना एक तेजस्वी तारा दिसला. तो तिथे कधीच नव्हता. त्यांनी गोदाबाईला हाक मारली, शालूला उठवलं, नबीला, त्याच्या बायकोला रजियाबीला, सगळ्या गल्लीला बाहेर काढलं. नवा तारा, ते सारखं म्हणत होते, नवा तारा. हा जाळ आज झालेला नाही, आपल्या आजाच्या आजाच्या आधी कधीतरी झाला आहे आणि त्याचा उजेड आज आपल्या अंगणात पोचतो आहे, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. लोकांनी तारा पाहिला, हात जोडले आणि घरी गेले. उजेडाच्या प्रवासाचं कोणाच्या डोक्यात राहिलं नाही. मास्तरांनी नवा तारा पाहिला, एवढं राहिलं.

तारा थोड्या दिवसांत मंदावला. पाऊस आलाच नाही. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली. आणि दसऱ्याच्या आधी तो ताप आला.

आधी रेल्वेच्या लोकांना आला, मग बाजारात आला, मग घरोघर. सकाळी बोलणारा माणूस संध्याकाळी काळानिळा पडायचा. लोक पुन्हा मास्तरांच्या दारी जमले. तुम्हीच तो तारा पाहिला, आता तुम्हीच सांगा कोणता ग्रह कोपला आणि शांत कशाने होईल. मास्तरांनी जन्मात कोणावर आवाज चढवला नव्हता, तो त्या दिवशी चढवला.

“ग्रहन खगोलीय असते, बापहो. ताप खगोलीय नसते. तो मानसापासून मानसाले होते. घरी जा, गर्दी करू नोका, पानी उकळून प्या.”

लोक हलले नाहीत. तेव्हा मास्तरच बाहेर पडले. घरोघर जाऊन तेच सांगू लागले, आजाऱ्याला वेगळं ठेवा, तोंडाला फडकं बांधा. जिथे उठणारं कोणी उरलं नव्हतं तिथे चूल पेटवून कण्या शिजवून यायचे. गोदाबाईने त्यांना अडवलं नाही. अडवायला हवं होतं का, हा विचार तिने पुढे पुष्कळ केला आणि दर वेळी तिला वाटलं की ते थांबले नसते.

पहिला नबी गेला. मास्तर त्याच्या मातीला जाऊन आले आणि अंथरुणावर पडले. त्याच दिवसांत गोदाबाईलाही ताप चढला. नवऱ्याचा शेवटचा श्वास तिने शेजारच्या बाजेवरून, अर्धवट शुद्धीत ऐकला. दिवाळीचे दिवस होते आणि मसणात लाकूड नव्हतं. तिच्या भावाने, किसनरावने, मळ्यातला मांडव मोडून त्याची लाकडं आणली. गल्लीत लोक म्हणाले, ज्याने पहिल्यांदा पाहिला त्यालाच ताऱ्याने नेलं. बाजेवर पडल्या पडल्या ते गोदाबाईच्या कानावर आलं. तिच्यात उठून बोलायचं त्राण नव्हतं, आणि ज्यांनी उत्तर दिलं असतं ते तर गेलेच होते.

ती वाचली, पण छाती कमजोर झाली. चार पावलं चाललं की धाप लागायची. किसनराव मळ्यातली उरलीसुरली फुलं द्यायचा, ती आणि शालू हार गुंफायच्या आणि शालू ते अंबादेवीपाशी विकून यायची. दुष्काळात फुलं तरी किती असणार.

त्या हिवाळ्यात रजियाबी तिच्याकडे आली. नवरा मातीत, पोराची खबर नाही. बसऱ्याहून परतलेल्यांनी सांगितलं होतं की तिकडेही हाच ताप होता. रजियाबीने खाणं सोडलं होतं. गालफडं बसलेली, ओढणी धड सावरत नव्हती. ती कोपऱ्यातल्या फडकं घातलेल्या नळीकडे पाहत म्हणाली, “मास्तरीनबाई, एक बार पाहा ना. हुसेन जिता हाये का नाई, बस इतनंच.”

गोदाबाईने तिला मास्तर सांगत तेच सांगितलं. नळीतून ग्रह दिसतात, माणूस दिसत नाही. रजियाबीने ऐकून घेतलं आणि ती तिथेच बसून राहिली. उठली नाही, रडली नाही. दिवेलागण झाली. गोदाबाईला तिचं मनगट दिसत होतं, वाळल्या काडीसारखं. ही चार दिवसांत जाईल, असं तिला वाटलं. ती उठली, शालूच्या मदतीने नळी अंगणात नेली. पूर्वेला गुरू वर आला होता. तिने डोळा लावला. गुरू होता, त्याच्या बाजूला एका रेघेत त्याचे चंद्र होते, मास्तरांनी दाखवले होते तसेच.

“जिता हाये,” ती म्हणाली. “जेव आता.”

ताप चढलेल्या पोराला उद्या बरं वाटेल म्हणावं तसं ते तिच्या तोंडून निघालं. रजियाबीने तिथेच पाटावर बसून भाकर खाल्ली. ती गेल्यावर शालूने नळीवर फडकं घालताना विचारलं की माय, तुले खरंच हुसेनभाई दिसला? गोदाबाईला धाप लागली होती. ती म्हणाली, झोप आता. त्या दिवशी नाही म्हणायला एक शब्द लागला असता.

उन्हाळ्यात हुसेन परत आला. काळवंडलेला, एका कानाने बहिरा, पण चालता-बोलता. रजियाबी त्याला घेऊन आधी मास्तरीणबाईच्या पाया पडायला आली आणि मग बुधवाऱ्यापासून अंबागेटापर्यंत तिने घरोघर सांगितलं. शालू त्या वेळी अंगणात उभी होती. तिने हुसेनभाईकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. ती नजर गोदाबाईला कळली नाही. कळली तेव्हा फार उशीर झाला होता.

पुन्हा रीघ लागली. गोदाबाईने नाही म्हणून पाहिलं. पण मास्तरही आधी नाहीच म्हणत, हे लोकांना ठाऊक होतं. नाही म्हणणं हा त्या घरचा रिवाज आहे असंच ते धरून चालले. दारात ज्वारी ठेवून जायचे, तूर ठेवून जायचे. किसनरावची विहीर आटली होती. शालू वाढत्या अंगाची, रात्री भुकेने कूस बदलायची. एका संध्याकाळी गोदाबाईने दारातली ज्वारी उचलून आत नेली आणि नळीवरचं फडकं काढलं.

तिने कधी कोणाचं वाईट सांगितलं नाही. सगळ्यांना बरंच सांगायची, मुलगा होईल, बैल सापडेल, माणूस परत येईल. जे खरं ठरायचं त्याची गावभर वाच्यता व्हायची. जे खोटं ठरायचं त्याचे लोक तोंड मिटून बसायचे. आपलंच काही चुकलं, असं त्यांना वाटायचं. नळीवाली बाई म्हणून तिचं नाव मोर्शीपर्यंत गेलं. पाटीवरचा ‘खगोलीय’ उन्हाने फिकट होत होत वाचता येईनासा झाला, आणि तो काय आहे हे विचारणारंही कोणी राहिलं नाही. ती रोज डोळा लावायची आणि रोज तिला खरेखुरे ग्रह दिसायचे. ते पाहण्याचा आनंद मात्र आटला होता. कधी शनी समोर आला तर ती नळी दुसरीकडे फिरवायची.

शालूचं लग्न अकोल्याला ठरलं. जावई उत्तमराव ताजनापेठेत राहायचा, बाजारात त्याचा भाजीचा धंदा. सासू पार्बताबाई हौसेने म्हणाली की नळीवाल्या बाईची पोर घरात येते म्हणजे घराला काही कमी पडणार नाही. लग्नाच्या आधी एका संध्याकाळी शालूने स्वतः नळी अंगणात मांडली आणि आईला म्हणाली, आता माझं पाह्य.

तेव्हा गोदाबाईने तिला सगळं सांगितलं. हुसेनचं सांगितलं, रजियाबीच्या मनगटाचं सांगितलं, ज्वारीचं सांगितलं. काही दिसत नाही, कधी दिसलं नाही. तुझा बाप काय शिकवून गेला ते आठव, तो शब्द कशाला लावायचा आणि कशाला नाही.

शालू शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, “बाले फक्त तारे दिसत, म्हनून तो तसं म्हने. तुले पुढलं दिसते. तू मले सांगून नाई राहिली म्हंजे काही वंगाळ दिसलं असन.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. गोदाबाईने पोरीच्या तोंडाकडे पाहिलं आणि उठून नळीला डोळा लावला. चांगलं हाये, ती म्हणाली, समदं चांगलं हाये. शालूचा चेहरा उजळला. आपण पोरीला पोरीच्या बापापासून तोडलं, हे गोदाबाईला त्या घडीला स्वच्छ कळलं. पण पोरगी हसत होती आणि हळद दोन दिवसांवर आली होती.

काही वर्षं बरी गेली. शालूला मुलगी झाली, तिचं नाव सत्यवती. गोदाबाई वर्षातून एकदा अकोल्याला जायची आणि नात मांडीवर घेऊन बसायची. नातीला तिने ताऱ्यांचं एक अक्षर सांगितलं नाही. चिमण्यांची गाणी म्हणायची.

सत्यवती चौथ्या वर्षात होती. पौषातल्या एका सकाळी उत्तमराव एकटाच अमरावतीला येऊन थडकला. पोरीला ताप होता, घसा सुजला होता, पाणी गिळता येत नव्हतं. वैद्याचा काढा चालू होता. शालूने सांगितलं होतं की आधी मायला विचारून या, ती जे म्हणेल ते शब्दाशब्दाने घेऊन या, मग काय ते करू.

गोदाबाईने एवढंच विचारलं की घशात पांढरं दिसतं का. उत्तमराव म्हणाला, दिसते, पडद्यावानी. घटसर्पाने गेलेली लेकरं तिने गल्लीत पाहिली होती. उठा, ती म्हणाली, इथे वेळ घालवू नका, तिला दवाखान्यात न्यायला पाहिजे होतं. उत्तमराव जागचा हलेना. एकदा पाहून तरी सांगा, शालूला मी काय सांगू. तिने लुगड्याचा पदर खोचला आणि तीच दाराबाहेर पडली. नळीकडे तिने पाहिलंही नाही.

बडनेऱ्याला गाडी मिळाली. वाटेत मूर्तिजापूर येईपर्यंत जावई दोनदा विचारून गेला. ती खिडकीतून बाहेर पाहत होती. तिला वाटत होतं, निदान पार्बताबाईला तरी अक्कल सुचली असेल, नेलं असेल पोरीला. अकोल्याला उतरल्यावर टांग्यात बसतानाच तिने टांगेवाल्याला दारात थांबून राहायला सांगितलं.

पोरगी घरातच होती. शालू तिला मांडीवर घेऊन बसली होती आणि पोरीच्या घशातून करवतीसारखा आवाज येत होता. आई दारात दिसताच शालूने तिच्या हातांकडे पाहिलं.

“नळी कुठी हाये?”

“नळी राहू दे. पोरीले उचल, टांगा उभा हाये.”

“तू पाह्यलं का नाई?”

“नाई पाह्यलं. पाह्यासारखं काही नसते तिच्यात, शालू. उठ.”

शालू उठली नाही. तिचा चेहरा हळूहळू विझत गेला, आणि तो विझताना गोदाबाईने पाहिला. तिने पोरीला ओढून स्वतःच्या खांद्यावर घेतलं. धाप लागली होती, पायरी दिसत नव्हती, उत्तमरावने हात दिला. शालू मागून आली ती मयतीला निघाल्यासारखी, अनवाणी.

दवाखान्यातला डॉक्टर भला माणूस होता. त्याने सुई टोचली, रात्रभर तो येऊन येऊन पाहत होता. पार्बताबाईला त्याने बाजूला घेऊन सांगितलं की आधी आणायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या वेळी तो करवतीचा आवाज थांबला. गोदाबाई तेव्हा नातीचे पाय हातात धरून बसली होती. ते बराच वेळ ऊनच होते.

मोर्णा नदीच्या काठी पोरीला पुरून पुरुषमाणसं घरी आली. बायकांचं रडणं ओसरलं. तेव्हा शालू पहिल्यांदा आईशी बोलली. आवाजात राग नव्हता. राग असता तर गोदाबाईला बरं वाटलं असतं.

“तुले घरीच दिसलं होतं,” शालू म्हणाली. “म्हनून तू नळी आनली नाई. मले समजते, माय. कोनती माय सांगन?”

गोदाबाईने तिला पुन्हा सांगितलं. हात धरून सांगितलं, स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं. आपण खोटं बोलत आलो, सगळ्यांशी, तिच्याशीही. वेळेवर नेली असती तर पोरगी जगली असती. हे शेवटचं वाक्य तोंडातून गेलं तेव्हा ते किती क्रूर आहे हे तिच्या ध्यानात आलं. हे खरं मानलं तर पोरीच्या मरणाचा भार शालूवर येत होता. शालूने मानलं नाही. तिने आईचा हात थोपटला, लहान मुलाचा थोपटावा तसा, आणि म्हणाली की तू उगा जिवाले लावून घेऊ नोको, तिचं तेवढंच होतं.

त्या क्षणी गोदाबाईने पुढे सांगणं सोडून दिलं. खरं सांगून पोरीच्या पदरात काय टाकायचं होतं? बापाचा शब्द तिला परत दिला असता तर त्याच्यासोबत हेही द्यावं लागलं असतं. ते घेऊन ती जगली नसती.

ती दिवस होईपर्यंत अकोल्यातच राहिली. घरात कामाला हात लागत नव्हता, म्हणून ती ओट्यावर बसून राहायची. ताजनापेठेतल्या बायका भेटायला यायच्या, शालूजवळ बसायच्या, जाताना ओट्यावरच्या म्हातारीकडे वळून पाहायच्या. अमरावतीची नळीवाली ती हीच, हे पार्बताबाईने सगळ्यांना सांगितलं होतं. नातीचं मरण तिला आधीच दिसलं आणि ती नुसत्या हाताने आली, हेही आता त्यात जोडलं गेलं होतं. त्याने तिचं नाव कमी झालं नाही, वाढलंच.

एका दुपारी शालू एका बाईला घेऊन बाहेर आली. शेजारची माणिकबाई, तिची लेक पहिलटकरीण, महिने भरत आलेले. माणिकबाई पदर सावरून खाली बसली, विचारावं की नाही या संकोचात. घरात सुतक, हे काय विचारायचे दिवस होते. शालूनेच तिला पुढे केलं.

“माय, हिले सांग. नळी नसली तरी तुले समजते.”

गोदाबाईने वर पाहिलं. दुपारचं आभाळ पांढरं फटक होतं, कुठे एक घारही नव्हती. शालू भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्या तोंडावर सुतकाच्या इतक्या दिवसांत पहिल्यांदा थोडी उत्सुकता होती. ती पाहून गोदाबाईने माणिकबाईला जवळ सरकायला सांगितलं, आणि लेकीचं नाव काय म्हणून विचारलं.